मॉडेल रेल्वेसाठी मालगाडीच्या वाफेच्या इंजिनांचा काल्पनिक वर्ग रचतोय. त्याचा सेवा-इतिहास खरा कसा वाटेल?

तुमचा वर्ग 1950 च्या सुमारास मुंबई-पुणे लाईनवर धावतो असं तुम्ही लिहिलंय, आणि किती इंजिनं, कधी बांधली, कधी मोडीत काढली असं विचारलंय. आकड्यांचं नंतर बघू. आधी घाट.

कल्याण-पुणे लाईनवर 1929 च्या नोव्हेंबरात वीज आली. त्याच सुमारास खंडाळ्याचं रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे गाडीची दिशा उलटवायचे, ते गेलं आणि 37 फुटांना एक फूट असा तो चढ ‘खेकडे’ म्हणजे विजेची इंजिनं मालगाड्या घेऊन चढायला लागली. 1950 ला तुमच्या इंजिनाचं तिथे कामच नाही. पुण्याहून त्याने दौंडची वाट धरावी. मिरजेची लाईन तेव्हा मीटर गेज, म्हणजे अरुंद रुळांची; तुमचं ब्रॉडगेजचं इंजिन तिथे चालणार नाही.

माझ्या आतेभावाने सदाशिव पेठेत माळ्यावर असाच लेआउट मांडला होता. वहीत त्याच्या वर्गाचा इतिहास तीन ओळींचा: 1938 ला बांधली, घाटात चालली, 1972 ला सगळी एकदम निवृत्त. मी हरकत घेतली तर म्हणाला, “काल्पनिक आहे ना, मग काहीही चालतं. आणि मालगाडीच्या इंजिनाला कसला आलाय इतिहास?”

बाबा तिथेच बसले होते. दौंडला डब्ल्यूजीवर, म्हणजे ब्रॉडगेजच्या मालगाडीच्या वाफेच्या इंजिनावर, फायरमन होते ते. त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावून वाचली आणि एवढंच विचारलं, “वॉशआउट कुठे करायचे हिचं? पाणी कुठलं?” वॉशआउट म्हणजे बॉयलर आतून धुणं. आतेभाऊ हसला. बाबांनी वही मिटून परत दिली.

डब्ल्यूजीची आगीखालची जाळी 46 चौरस फुटांची, आणि कोळसा सगळा हाताने टाकायचा. आपल्या कोळशात राख फार, म्हणून तर फायरबॉक्स एवढा रुंद. बाबा घरी झाडू हातात धरून दाखवायचे: मागचे दोन कोपरे आधी भरायचे, दाराखाली जाड थर, पुढे पातळ. आगीत बघायचं तर फावड्याचं पातं दारात तिरपं धरायचं, म्हणजे झळाळी बाजूला होते आणि भोक कुठे पडलंय ते दिसतं. हे ज्याने केलं त्याच्यासमोर “कसला इतिहास” म्हणायचं नाही.

तर इतिहास लिहायचा तो उतरत्या काळाचा लिहा. कोणताही वर्ग एका वर्षी संपत नाही. आधी मेन लाईनच्या लांब मालगाड्या नव्या इंजिनांकडे जातात. मग ब्रँच लाईन, मग बॅलास्टच्या म्हणजे खडीच्या गाड्या, मग यार्डात शंटिंग. शेवटी बॉयलरची मुदत भरते, पीओएचला, म्हणजे मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीला, पैसे मंजूर होत नाहीत आणि इंजिन शेडच्या मागच्या रुळावर उभं राहतं. तोवर त्याचे सुटे भाग भावंडांना लागलेले असतात. दोन इंजिनं लवकर गेली, एक पाच वर्षं जास्त चाललं, असं वहीत दिसलं पाहिजे.

संख्या तीस-चाळीस ठेवा. डब्ल्यूजी 1950 ते 1970 मध्ये 2450 बांधली गेली, पण ते सगळ्या देशासाठी. शेवटचं 10560, चित्तरंजनचं ‘अंतिम सितारा’. 1962 पासून डब्ल्यूडीएम-2 डिझेल यायला लागली होती, तरी ब्रॉडगेजचं वाफेचं इंजिन 1970 पर्यंत बांधत होते. ब्रॉडगेजवरची शेवटची वाफेची गाडी तर 1995 ची. म्हणून 1972 ला सगळी एकदम निवृत्त हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

तुमची लाईनच पूर्ण काल्पनिक असेल, एखाद्या संस्थानाची वगैरे, तर घाटाचं बंधन नाही. नॅरोगेजचं मात्र मला विचारू नका, बाबा ब्रॉडगेजवालेच.

आतेभाऊ हे वाचत असेल तर वही अजून माळ्यावरच आहे. वॉशआउट दौंडला, असं लिही त्यात.