वाचकांचे प्रश्न : कादंबरी अर्धवट सुटते तेव्हा

प्रश्न : गावच्या वाचनालयातून तीन कादंबऱ्या आणल्या. ‘बारोमास’ आवडली, ‘धग’ फार उदास वाटली आणि ‘कोसला’ तर चाळीस पानांवर सोडून दिली. वाचण्यात काही चुकतं का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ‘कोसला’ (१९६३) कथानकाच्या मागे लागून वाचली की कंटाळा येतोच. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर होस्टेलातलं किरकोळही लांबण लावून सांगतो. घटना सोडा, त्याचा आवाज धरा; एका बैठकीत पंधरा-वीस पानं पुरेत. निदान धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते तिथवर पोचाच. तिथे हा थट्टेखोर आवाज फाटतो आणि मागची पानं वेगळी दिसू लागतात.

‘धग’बद्दल मात्र तुमचं पटत नाही. उदास आहे, खरं. पण तिची नायिका कौतिक किती झुंजते ते पाहा! लेखक उद्धव शेळक्यांचे वऱ्हाडी संवाद मोठ्यानं वाचा. मनात भरभर वाचताना कौतिकची चिडचिड, टोमणे, माया सगळं निसटतं. ‘बारोमास’ आवडली ना, मग ही पुन्हा काढा. पैशावाचून घर दोन्हीकडे खचतं. ‘बारोमास’मध्ये शेतीपायी, ‘धग’मध्ये नवऱ्याच्या हातून संसार पेलवत नाही म्हणून.