एसएसडीचा वेग मध्येच पडतो, परत करू का?

तुम्ही विचारलंय की एक्स्टर्नल एसएसडीवर (बाहेरून जोडायच्या चिपवाल्या ड्राइव्हवर) कॉपी सुरू होताना सेकंदाला ४०० एमबीचा वेग दिसतो, थोड्या वेळानं ६०-७० वर येतो, तर ड्राइव्ह खराब समजून परत करावी का. एवढ्यात करू नका. ड्राइव्हला दोष द्यायची घाई आमच्या घरात एकदा झालीय आणि ती मला अजून टोचते.

गोव्यात फोंड्याला भावाचा नि माझा व्हिडिओ शूटिंगचा धंदा आहे. शिगमोत्सवाची मिरवणूक होती. ढोल-ताशांवर नाचणारे रोमटामेळ, चित्ररथ, तीन कॅमेरे, घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली. चारशे जीबी फुटेज सकाळी मडगावला द्यायचं होतं. मी आणलेल्या नव्या एसएसडीवर वेग ४० च्या वर जाईना. दादा सगळ्या पोरांसमोर म्हणाला, "स्वस्तातलं उचलून आणलंस, भोग आता." मी म्हटलं, आकडा खालीवर होत नाही, चाळीसला चिकटलाय, म्हणजे यूएसबी २.० वर, त्या जुन्या मंद जोडणीवर, अडलंय, केबल बदलून बघूया. कोणी ऐकलं नाही. पावणेतीन तास त्या हिरव्या पट्टीकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी दादानं दुप्पट किमतीची ड्राइव्ह आणली, तीच केबल लावली. पुन्हा चाळीस! केबल फोनच्या चार्जरची होती. दोन्ही टोकं टाइप-सी, पण डेटा यूएसबी २.० चाच. सेकंदाला ४८० मेगाबिट म्हणजे कागदावर ६० एमबी, प्रत्यक्षात पस्तीस-चाळीस. खोक्यातली आखूड केबल लावली तेव्हा माझी स्वस्तातली ड्राइव्ह ४०० वर गेली. दादानं अजून "चुकलो" म्हटलेलं नाही. महाग घेतलं की वेग येतो हे मला कधीच पटलं नाही, आजही पटत नाही. आधी केबल, मग पोर्ट, मग ड्राइव्ह.

तुमचं मात्र वेगळं आहे, हे मी आधीच सांगायला हवं होतं. सुरुवातीला ४०० दिसतात म्हणजे केबल आणि पोर्ट ठीक. बहुतेक कॅश, म्हणजे ड्राइव्हमधली झटपट लिहायची तात्पुरती जागा, भरतेय. ड्राइव्ह मोकळ्या जागेतल्या काही भागात सेलमागे (माहिती साठवायच्या बारीक कप्प्यामागे) एकच बिट लिहिते, ते झटपट होतं. तो भाग भरला की तीन-चार बिट लिहावे लागतात, आणि क्यूएलसी (सेलमागे चार बिटवाली) असेल तर ६०-७० हे नेहमीचंच. ड्राइव्ह जितकी भरलेली, तितकी बऱ्याचदा ही कॅश लहान. पाव भाग मोकळा ठेवा, मोठी कॉपी टप्प्याटप्प्यानं करा, मध्ये ड्राइव्ह थोडा वेळ नुसती जोडलेली राहू द्या. तापली तरी वेग उतरतो. मे महिन्यात आम्ही ती पंख्याखाली ठेवतो. आणि हजारो बारीक फाइल्स असतील तर महागडी ड्राइव्हसुद्धा रडते.

रिकामी आणि थंड असताना एकच मोठी फाइल टाकून बघा. पहिल्या पाच-दहा जीबीतच वेग पडला तर परत करायचा विचार करा. दुकानात जाताना खोक्यातलीच केबल न्या आणि त्यांच्या मशीनवर लावून दाखवायला सांगा. दादानं तेवढं केलं असतं तर दुसऱ्या ड्राइव्हचे पैसे वाचले असते.