'तर्क' की 'अटकळ'? आणि 'असावं'चं 'आहे' कधी होतं

एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडा आवरून देतो (त्यातलं 'शास्त्र' म्हणजे बायबल, आणि उत्पत्ती हे बायबलचं पहिलं पुस्तक): "आमच्या बायबल स्टडीत एक ब्रदर शिकवतात. उत्पत्ती १:१ आणि १:२ च्या मध्ये एक अख्खं आधीचं जग होऊन गेलं, सैतान स्वर्गातून पडला तेव्हा ते नष्ट झालं, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं हे स्पेक्युलेशन आहे, तर म्हणाले नाही, हा शास्त्रसंमत तर्क आहे. मी गप्प बसले. स्पेक्युलेशनला मराठीत नेमकं काय म्हणायचं, तर्क, अनुमान, कल्पना? आणि शास्त्रावर 'विश्वास' ठेवायचा की 'भरवसा', काही फरक आहे का? मला वाद घालायचा नाहीये, पण हल्ली ऐकून घरी आले की त्यातलं वचन कुठलं आणि ब्रदरचं कुठलं हेच कळेनासं झालंय."

ताई, मी पाळक नाही, थिऑलॉजी शिकलेलो नाही, मंडळीत मागच्या बाकावर बसणारा माणूस आहे, फक्त शब्दांचा नाद आहे. तेव्हा उत्तर शब्दांच्या बाजूनेच देणार. तुम्हाला हवा असलेला शब्द 'अटकळ'. अटकळ बांधतात, लागली तर लागते, नाही तर नाही, आणि ती बांधणाऱ्यालाही मनातून माहीत असतं की आपण बांधतोय. 'कल्पना' फार सैल पडतो, "मला कल्पना नाही" मध्ये त्याचा अर्थ नुसता 'माहिती' होतो. 'अंदाज' चालला असता पण तो हवामानाला आणि खर्चाला जास्त शोभतो.

पण तुम्ही गप्प बसलात त्याला जबाबदार शब्द 'तर्क' आहे, आणि तो फार बेरकी आहे. मराठीत तर्कशास्त्र म्हटलं की लॉजिक, "तर्काला धरून बोल" म्हटलं की लॉजिक, पण "माझा आपला एक तर्क" म्हटलं की चक्क अंदाज. एकाच शब्दाला दोन दारं. ब्रदर मागच्या दाराने अंदाज घेऊन आत आले आणि पुढच्या दाराने लॉजिक म्हणून बाहेर पडले, तुम्ही कुठल्या दारावर उभं राहायचं? 'कयास'चंही हेच झालंय, मूळ अरबीत तो दाखल्यावरून नियम काढायची रीतसर पद्धत सांगणारा शब्द, आपल्याकडे येऊन "काय कयास आहे तुमचा?" इतका ढिला झाला.

भारतीय तत्त्वज्ञानातल्या जुन्या न्यायशास्त्रात मात्र ही गल्लत नव्हती. तिथे प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायची साधनं, चार, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. तर्क त्यात नाही! तर्क हा प्रमाणांचा मदतनीस, "असं नसतं तर काय झालं असतं" हे तपासून बघायला, स्वतःच्या जोरावर तो काही सिद्ध करत नाही. अनुमानाला हेतू, म्हणजे दिसणारी खूण, लागतो, डोंगरावर धूर दिसतोय म्हणून तिथे आग आहे, धूरच नसेल तर अनुमान नाही. आणि चौथं प्रमाण 'शब्द', म्हणजे विश्वासू माणसाने सांगितलेलं, आप्तवाक्य. हे काही ख्रिस्ती शास्त्र नाही हे मलाही कळतं, पण तुमचा प्रश्न मांडायला ही भांडी फार सोयीची आहेत, कारण तुम्ही नेमकं हेच विचारताय की मी जे ऐकलं ते शब्दप्रमाण, त्यावरचं अनुमान, की धुराशिवायची आग?

आता 'शास्त्रसंमत'. संमत म्हणजे शास्त्राने मान डोलावलेलं. बहुतेक वेळा असं म्हणणाऱ्याला प्रत्यक्षात म्हणायचं असतं की शास्त्रात याच्या विरुद्ध काही लिहिलेलं नाही, या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. प्रेषित पौलाला (नव्या करारातली बरीच पत्रं त्याच्या नावावर आहेत) मांजर आवडायचं, याच्याही विरुद्ध कुठे काही लिहिलेलं नाही. आपल्याकडे 'शास्त्रापुरतं' असा एक छान शब्द आहे, शास्त्रापुरतं घे म्हणजे नावाला चिमूटभर घे. काही शिकवणींत शास्त्र तेवढंच असतं, शास्त्रापुरतं.

पण खरी गंमत नामांत नाही, क्रियापदांत आहे. मी गेली काही वर्षं संदेश ऐकताना क्रियापदाचा शेवट ऐकतो (ही सवय वाईट आहे, बायको म्हणते तू आराधनेला येतोस की व्याकरणाला). मराठीत 'आहे', 'असेल', 'असावं', 'असू शकेल' आणि 'म्हणे' एवढ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर बोलणारा किती जबाबदारी घेतो ते ठरलेलं आहे. अटकळीची शिकवण नेहमी खालच्या पायरीवर सुरू होते, "इथे मध्ये बराच काळ गेला असू शकेल", दहा मिनिटांनी "गेला असावा", मग "तेव्हा जे जग होतं", आणि शेवटच्या प्रार्थनेत "प्रभू, त्या जगाचा तू जसा न्याय केलास". कुणी खोटं बोललं नाही, फक्त क्रियापद जिना चढून गेलं, मध्ये नवीन पुरावा एकही आला नाही.

तुमच्या ब्रदरच्या शिकवणीत तर सगळी मदार खरोखरच एका क्रियापदावर आहे. उत्पत्ती १:२ मध्ये पृथ्वी आकारविरहित व शून्य 'होती' असं आपण वाचतो, तो मधला काळ मानणारे म्हणतात की ते 'झाली' असं वाचा, म्हणजे आधी चांगली होती मग बिघडली. हे अगदीच हवेतलं नाहीये बरं का, मूळ हिब्रूतलं तेच क्रियापद १९:२६ मध्ये आहे आणि तिथे लोटाची बायको मिठाचा खांब 'झाली' असाच अर्थ आहे. शिवाय यशया ४५:१८ मध्ये देवाने पृथ्वी ओसाड राहावी म्हणून उत्पन्न केली नाही असं आहे, ते वचनही ते दाखवतात. पण हिब्रूत गोष्ट पुढे सरकते तेव्हा सहसा क्रियापद आधी येतं, आणि १:२ मध्ये 'पृथ्वी' हे नाम आधी आलंय, ही रचना पुढची घटना सांगत नाही, तेव्हाची परिस्थिती सांगते. "राजा आला, दरबार भरलेला होता" आणि "राजा आला आणि दरबार भरला" यातला फरक समजा. म्हणून बहुतेक भाषांतरांत 'होती'च आहे. आणि सैतानाचं पडणं तर त्या वचनांत नाहीच, ते यशया १४ आणि यहेज्केल २८ मधून आणून जोडतात, ज्यातला एक भाग बाबेलच्या राजाला उद्देशून आहे आणि दुसरा सोरच्या. म्हणजे एक 'झाली' आणि वरून दोन राजे, एवढ्यावर एक जग उभं आहे. ही कल्पना लोकप्रिय कधी झाली तेही बघण्यासारखं आहे, १८१४ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये थॉमस चामर्स यांनी ती उचलून धरली, भूगर्भशास्त्रातून पृथ्वीचं वय प्रचंड निघायला लागलं होतं आणि त्याला उत्पत्तीत जागा करून द्यायची होती. हेतू वाईट नव्हता. मग १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमध्ये ती छापली गेली आणि घराघरात पोचली.

टिपांमध्ये! इथेच मला समास आठवतो, पानाचा समास. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली वंशावळ्या, राजांचे काळ वगैरे जुळवून सृष्टीची उत्पत्ती इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाली असं काढलं. ती अटकळ नव्हती, अनुमान होतं, त्यांनी हिशेब मांडला होता, फक्त वंशावळीत एकही पिढी गाळलेली नाही हे धरून चाललं तरच तो हिशेब बसतो. पण १७०१ पासून हे साल इंग्रजी बायबलच्या समासात छापायला लागले आणि पुढच्या पिढ्यांना ते वचनाइतकंच पवित्र वाटायला लागलं. समासातला 'असावं' ओळीतला 'आहे' झाला, आणि तो अशरनी नाही केला, छापणाऱ्यांनी आणि आपण वाचणाऱ्यांनी केला.

मराठी माणसाला हा धोका नवीन नाही. पोथ्या हाताने उतरवायच्या काळात कुणीतरी आपल्या चार ओळी हौसेने घुसडायचा, त्याला आपण क्षेपक म्हणतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली तेव्हा शेवटी बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे करवंटी. ग्रंथ वेगळा, श्रद्धा वेगळी, पण हे वाक्य मला नीतिसूत्रे ३०:६ च्या शेजारी ठेवावंसं वाटतं, तिथेही त्याच्या वचनांत भर घालू नको असंच सांगितलंय. करवंटी विषारी नसते, हा मुद्दा आहे. ती फक्त अमृत नसते.

कुणीतरी आता विचारणारच, मग त्रैक्य (एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) हा शब्द तरी बायबलात कुठे आहे? नाहीये. लॅटिनमधला तसा शब्द टर्टुलियन या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकाच्या लिखाणात दिसतो, तोही तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास. पण शब्द नसणं आणि धूर नसणं वेगळं. देव एकच आहे हे शास्त्रात आहे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या एकाच नावाने बाप्तिस्मा द्या हे मत्तय २८:१९ मध्ये आहे, पुत्राला देव म्हटलेलं आहे, हे सगळं एकत्र धरायचं तर काहीतरी नाव द्यावं लागतं. ते अनुमान आहे आणि धूर चारी बाजूंनी दिसतोय. म्हणून "जे शब्दशः लिहिलंय तेवढंच" असा हट्ट मी धरत नाही, तो धरला तर उपदेशच करता येणार नाही.

अटकळीच्या या नादासाठी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द मला फार आवडतो. १ तीमथ्य १:४ मध्ये कहाण्या आणि न संपणाऱ्या वंशावळ्या यांच्या नादी लागू नका, त्यातून अमुक निपजतं असं तो म्हणतो, तो 'अमुक' म्हणजे 'एक्झेतेसिस', नव्या करारात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी आला आहे. त्याच्या पोटात 'शोधणे' आहे आणि पुढे 'बाहेर' लागलंय, म्हणजे उकरून काढणं. काही ठिकाणी त्याचं भाषांतर नुसतं 'वाद' असं होतं, मला विचाराल तर 'कीस काढणे' जास्त जवळचं आहे. उलट प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये बिरुया गावचे लोक पौलाचं ऐकून रोज शास्त्र तपासायचे, हे असंच आहे की काय म्हणून, तिथलं क्रियापद चौकशीचं आहे, लूक २३:१४ मध्ये रोमी सुभेदार पिलात येशूची चौकशी केल्याचं सांगतो तिथे तेच आहे. उकरणाऱ्याला काहीतरी नवीन सापडायला हवं असतं, चौकशी करणाऱ्याला समोर आलेलं खरं आहे का एवढंच हवं असतं. आणि बिरुयावाल्यांनी खुद्द पौलाला तपासलं तरी त्यांना उद्धट म्हटलेलं नाही, कौतुकच केलंय, तेव्हा ब्रदरना तपासायला तुम्ही बिचकू नका.

एका रचनेपासून मात्र जपा, "प्रभूने मला दाखवलं". "मला वाटतं" ला उत्तर देता येतं, "प्रभूने दाखवलं" ला उत्तर दिलं की तुम्ही प्रभूशी भांडताय असं दिसतं, कर्ता बदलला की चर्चाच संपते. देव दाखवत नाही असं मी म्हणत नाहीये, पण जे दाखवलं ते शास्त्रात दाखवता येत असेल तर हे वाक्य लागतच नाही. ब्रदरना फक्त इतकं विचारून बघा, "ब्रदर, हे 'आहे' की 'असावं'?" प्रामाणिक माणूस असेल तर थांबेल आणि म्हणेल "असावं", आणि मग त्याचं ऐकायलाही मजा येते, कारण अटकळ ही अटकळ म्हणून सांगितली तर तिच्यात वाईट काहीच नाही.

राहिला विश्वास आणि भरवसा. इब्री ११:१ मध्ये आपल्या बायबलात दोन्ही एकाच वाक्यात आहेत, विश्वास म्हणजे आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा. विश्वास हे नातं आहे, भरवसा हे त्यावर टाकलेलं वजन. "त्याच्यावर विश्वास आहे पण वेळेवर येईल याचा भरवसा नाही" हे वाक्य मराठीत सहज चालतं, उलटं करून बघा, अडखळतं. तेव्हा शास्त्रावर विश्वास ठेवा आणि वजन टाकायच्या वेळी भरवसा. तुमच्या प्रश्नात मला विश्वास कमी झालेला कुठे दिसला नाही, कशावर वजन टाकायचं हे कुणीतरी धूसर करून ठेवलंय एवढंच दिसलं.

जाता जाता, 'विश्वास' हा 'श्वस्' धातूवरून आलाय, मूळ अर्थ मोकळा श्वास घेणं, निर्धास्त होणं. आणि २ तीमथ्य ३:१६ मध्ये ज्या ग्रीक शब्दाला आपण 'परमेश्वरप्रेरित' म्हणतो त्यात शब्दशः 'देवाने फुंकलेलं' असं आहे, म्हणजे तिथेही श्वासच. दोन भाषांत वेगवेगळ्या वाटांनी जमलेला हा योगायोग आहे, योगायोगच, पुढच्या बायबल स्टडीत कुणी यावर अर्ध्या तासाची शिकवण दिली तर माझं नाव सांगू नका.