प्रणयगीत नव्हे, निरोपाचे गीत

अमेरिकी गायिका डॉली पार्टन यांच्या ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ या गाजलेल्या कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या शैलीतील) गीताला मराठीत प्रणयगीत म्हणावे की विरहगीत, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते दोन्ही शब्द चुकीचे आहेत. लग्नसमारंभात हे गीत प्रणयगीत म्हणून वाजवले जाते, तेव्हा तर त्याचे शब्द कोणी लक्ष देऊन ऐकलेलेच नाहीत याची खात्री पटते. विरह ही ताटातुटीनंतरची अवस्था आहे. येथे जाणारी व्यक्ती अजून समोर उभी राहून बोलते आहे. तिच्या या बोलण्याला मराठीत निरोप म्हणतात.

‘निरोप’चे मूळ संस्कृत ‘निरूप्’मध्ये असल्याने कीर्तनातले ‘निरूपण’ हे त्याचे सख्खे भावंड ठरते. ज्ञानेश्वरीत ‘निरोपणे’ म्हणजे विशद करून सांगणे, तर गुरुचरित्रात ‘निरोप’ म्हणजे आज्ञा. सांगण्यातून आज्ञा, आज्ञेतून जाण्याची अनुज्ञा आणि अनुज्ञेतून ताटातूट, असा या शब्दाचा अर्थप्रवास झाला असे मी मानतो. संदेश आणि ताटातूट हे अर्थ केवळ योगायोगाने एका शब्दात आले, हे मत मला मुळीच मान्य नाही. तसे असते तर पाहुण्याने निरोप ‘घेतला’ नसता आणि यजमानाने तो ‘दिला’ नसता; असे घेण्यादेण्याजोगे काही असेल तर ती अनुज्ञाच.

आता या गीताची जन्मकथा पाहावी. पार्टन १९६७ मध्ये कंट्री गायक पोर्टर वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आल्या. पुढे त्यांना स्वतंत्रपणे गायचे होते, पण वॅगनर त्यांना सोडायला तयार नव्हते. वाद घालून काही निष्पन्न होईना, तेव्हा पार्टन यांनी १९७३ मध्ये हे गीत लिहिले आणि त्यांच्यासमोर बसून गायले. पार्टन यांनीच सांगितल्यानुसार, वॅगनर यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि ‘याच्या ध्वनिमुद्रिकेची निर्मिती मी करणार’ या अटीवर त्यांनी जाण्यास संमती दिली. सांगणे, अनुज्ञा आणि ताटातूट हे ‘निरोप’चे तिन्ही अर्थ त्या एका भेटीत एकत्र आले.

हे गीत १९७४ मध्ये आणि नव्या ध्वनिमुद्रणासह १९८२ मध्ये, असे दोनदा अमेरिकेच्या कंट्री गीतांच्या यादीत पहिले आले. प्रणयगीताचा समज मुख्यतः १९९२ च्या ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टन यांनी ते गायल्यापासून पसरला. परंतु त्या चित्रपटातही ते नायक-नायिका एकमेकांचा निरोप घेतात त्याच प्रसंगी येते.