आम्ही वाचलो, भाऊजी गेले. मग ही गोष्ट लिहू का?

ताई,
एप्रिल २०२१ मध्ये आमच्या ह्यांना कोरोना झाला, पाठोपाठ मलाही. ह्यांचा ऑक्सिजन ८४ वर आला आणि ॲम्ब्युलन्स काही मिळेना. शेजारच्या भाऊजींनी स्वतःची जीप काढली, ह्यांना मागं झोपवलं आणि बेड मिळेपर्यंत दवाखाने फिरले. मी घरात बंद होते, तेव्हा वहिनी रोज दोन्ही वेळचा डबा आमच्या कट्ट्यावर ठेवून हाक मारून जायच्या. हे बरे होऊन घरी आले. पुढं भाऊजींनाच लागण झाली आणि मे महिन्यात ते गेले.
आता ग्रामपंचायत स्मरणिका काढतेय. त्यात ‘कोरोनावर मात’ असं सदर आहे आणि सरपंचांनी मला लिहायला सांगितलंय. पेन घेतलं की वहिनींचं दार दिसतं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडे धड बसलेले नाही. दळणाला जातानाही मागच्या बोळातून जाते. लेकीचं लग्न ठरलंय, पत्रिका द्यायला तरी जावंच लागेल. हे तहसील कचेरीतून निवृत्त झालेत, ते म्हणतात, ‘लिही की, त्यात काय?’ मी काय करू?
ता. क. आमच्यामुळंच तर झालं नसेल ना त्यांना? हे मी ह्यांनाही कधी बोललेले नाही.
— एक वाचक, सातारा जिल्हा

प्रिय मैत्रिणी,
तुमचं खरं पत्र त्या ता. क. मध्ये आहे, तेव्हा आधी त्याचंच बोलू.

‘छे, तुमच्यामुळं कसं होईल’ असं मी म्हणणार नाही. तुम्हाला ते पटणार नाही आणि मला तसं ठाऊकही नाही. लागण त्या जीपमध्ये झाली असेल. डेअरीवर, बाजारात, कुणाच्या मातीला गेल्यावरही झाली असेल. दुसऱ्या लाटेत विषाणू इतका पसरला होता की कुणाला कुणाकडून झालं हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येत नव्हतं. हे कोडं सुटणारं नाही आणि तुम्ही मात्र ते सोडवत बसला आहात.

पण एक गोष्ट नक्की आहे. एप्रिल २०२१ पर्यंत आपण सगळ्यांनी ह्या आजाराचं वर्षभर पाहिलं होतं. ऑक्सिजन उतरलेल्या माणसाला आपल्या गाडीत घेण्याचा अर्थ लहान पोरालाही कळत होता. भाऊजींना तो कळत नव्हता असं तुम्हाला वाटतं का? त्यांनी समजून उमजून जीप काढली. त्याला तुम्ही तुमचा गुन्हा म्हणत राहिलात, तर त्यांनी केलं ते काय उरतं? नुसता एक अपघात. त्यांच्या बाबतीत हा अन्याय आहे.

आता स्मरणिकेचं. लिहा. सदराचं नाव मात्र मला खटकतं. मात कुणी केली? तुमच्या ह्यांनी तर बिचाऱ्यांनी श्वास घ्यायची धडपड केली, बाकी सगळं इतरांनी केलं.

पुण्यात सापडलेलं राज्यातलं पहिलं रुग्ण दांपत्य २५ मार्च २०२० ला, ऐन गुढीपाडव्याला, नायडू रुग्णालयातून घरी गेलं, तेव्हा आपल्याला केवढा धीर आला होता. सगळ्यांच्या लक्षात ते बरे झाले एवढंच राहिलं. ज्या रुग्णालयाकडं एरवी कुणाचं लक्षही नसायचं, तिथल्या नर्स आणि सफाई कामगारांची गोष्ट फारशी कुणी सांगितली नाही.

धारावीचं घ्या. १ एप्रिल २०२० ला तिथं पहिला रुग्ण सापडला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरची वस्ती, बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. तिथं ‘अंतर ठेवा’ म्हणून काय उपयोग? मग पालिकेची माणसं आणि वस्तीतले खाजगी डॉक्टर पीपीई चढवून, घामानं निथळत दारोदार ताप बघत फिरले. शौचालयं दिवसातून अनेकदा धुतली गेली, शाळांची विलगीकरण केंद्रं झाली. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं ते ह्या कामामुळं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनंही दुसऱ्या लाटेत तेच केलं. पोपटराव पवारांच्या गावात पथकं घरोघर गेली, लक्षण दिसलं की माणूस वेगळा ठेवला, आणि मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त झालं. आणि तुमच्या गावच्या आशाताई? थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन तुमच्या दारात त्याच यायच्या ना? मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला, पण गावच्या स्मरणिकेत त्यांचं नाव आलेलं त्यांना जास्त आवडेल, असं माझं आपलं मत.

तेव्हा कुणी काय केलं ते लिहा. गाडी कुणी चालवली, डबा कुणी आणला, औषधं कुणी टाकली, तुमच्या जनावरांचं कुणी पाहिलं. आणि भाऊजी गेले हेही त्याच लेखात लिहा. त्यांना मागच्या पानावर श्रद्धांजलीच्या चौकटीत बसवू नका. तुमच्या ह्यांचं बरं होणं आणि त्यांचं जाणं अशा दोन वेगळ्या गोष्टी करू गेलात, तर दोन्ही खोट्या वाटतील.

मात्र लिहिण्याआधी वहिनींकडे जा. तुम्ही मागच्या बोळातून जाता ते अपराधी वाटतं म्हणून; हे तुम्हाला माहीत आहे, वहिनींना नाही. त्यांना काय दिसत असेल? नवरा गेल्यापासून शेजारीण दारावरून जायचं टाळते. आपल्याकडं विधवा बाईला अशा टाळण्याचा एकच अर्थ लावायला शिकवलेलं असतं. मला तुमच्या पत्रातलं हेच सगळ्यात जास्त लागलं.

दुपारी, त्यांचं आवरल्यावर, एकट्या जा. साडी-नारळ नको, पत्रिकाही नको. क्षमा मागू नका, म्हणजे तुमची समजूत काढायचं काम त्यांच्या गळ्यात पडणार नाही. ‘मला तोंड दाखवायला लाज वाटत होती म्हणून आले नाही’ एवढं सांगा आणि मग त्यांना बोलू द्या. त्या रागावतील. रागावू दे. ता. क. मधला प्रश्न आपणहून काढू नका. त्यांनी काढला तर मघाशी मी तुम्हाला म्हटलं तेच खरं उत्तर द्या.

ह्यांना मात्र तो प्रश्न आजच सांगा. ‘त्यात काय’ म्हणणाऱ्या माणसाच्याही पोटात काहीतरी असतं. शिवाय त्यांच्याजोगं काम आहे. सातबाऱ्यावर वहिनींची वारस नोंद झाली का? कोरोनात गेलेल्यांच्या घरच्यांसाठीचे पन्नास हजार मिळाले का? संजय गांधी निराधार योजनेत त्या बसतात का? एकल महिलांसाठी २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ आलं, त्याच्या तालुका समित्या तहसीलदारांच्या हाताखाली होत्या. ह्यांना त्या कचेरीतलं टेबल न् टेबल माहीत असणार. काही अडलेलं असेल, तर त्यांनी वहिनींचे कागद घेऊन स्वतः खेटे घालावेत.

राहिलं लग्न. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं ह्या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. तुमच्या गावानं ठराव केलाय की नाही ते मला ठाऊक नाही, पण तुमच्या मांडवात तुमचं चालतं. वहिनींना हळदीला बोलवा, लेकीला हळद लावायला सांगा. आधी त्यांना एकट्यांना विचारा मात्र. चारचौघांत आग्रह करून त्यांना अवघडवू नका, आणि त्या नको म्हणाल्या तर तेवढ्यावर थांबा.

लेख छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवा. भाऊजींचं नाव नको म्हणाल्या, तर सरपंचांना सरळ सांगा की लेख होत नाही. स्मरणिकेचं एक पान आशाताईंना मिळेल. आणि पत्रिका द्यायला दोघं मिळून जा, पहिल्याच दिवशी.