फावडे दात, आजोबांची टोपी आणि आज्जीचं बोट

"मॅडम, पोरगं हसायचंच बंद झालंय ओ." कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीला टेकायच्या आधीच बाई म्हणाल्या. मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत, आत आल्यापासून तळहात तोंडावर (ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगतेय). वर्गात त्याला फावड्या म्हणतात, घरात आज्जी रोज रात्री वरचे दोन दात बोटानं आत दाबते आणि "हनुवट तर नाहीच बघ ह्याला, कुणावर गेलाय कुणास ठाऊक" असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आणि पोरगं तिथंच बसलेलं असतंय. आईचा प्रश्न एकच, हे असंच राहणार का?

हा प्रश्न घेऊन बरेच पालक येतात. मी काही दातांची डॉक्टर नाही, पण चेहरा कसा वाढतो एवढं तरी माहीत असावं लागतंय, नाहीतर नुसतं "काळजी करू नका" म्हणून काय उपयोग.

आजोबा बाहेर बाकावर बसलेले, डोक्यावर पांढरी टोपी. म्हटलं, "आजोबा, जरा टोपी द्या बघू." पोराच्या डोक्यावर ठेवली तर किंचित सैल, पण बसली की! आई बघतच राहिली. अहो मेंदू सहा-सात वर्षांपर्यंत ९० टक्क्यांच्या वर वाढून झालेला असतोय, त्यामुळं कवटी जवळजवळ मोठ्या माणसाएवढी. चेहरा मात्र मागाहून वाढतोय. सातव्या-आठव्या वर्षी वरचे पटाशीचे जे दात येतात ते कायमचे, म्हणजे आल्या दिवसापासनं मोठ्या माणसाच्या मापाचे, ते काय नंतर वाढत नाहीत, आणि बसायचं कुठं तर साडेआठ वर्षांच्या जबड्यात. मग फावड्यासारखे दिसणारच ना. मधली फट पण बऱ्याचदा अकरा-बाराच्या सुमाराला सुळे आले की मिटत जाते.

आणि हनुवट. सगळ्यात उशिरा खालचा जबडा. मुलींचा साधारण दहा-बाराला झपाट्यानं वाढतो, मुलगे दीड-दोन वर्षं मागं, आणि त्यांचा अठराच्या आसपासपर्यंत हळूहळू वाढतच असतोय. नववी-दहावीतल्या पोरांचे पाचवीतले फोटो बघा, ओळखू येत नाहीत.

पण म्हणून सगळं आपोआप होतंय असं पण नाही हं. मी विचारलं, झोपताना तोंड उघडं असतं का? आई म्हणाली, हो, घोरतो पण, मोठा झाला की जाईल म्हणून सोडून दिलं. हे सोडून द्यायचं नसतंय. नाकामागं अडेनॉईड नावाच्या मांसल गाठी असतात, त्या सुजल्या की पोरं तोंडानं श्वास घेतात, आणि वर्षानुवर्षं तोंड उघडं राहिलं तर टाळू अरुंद, चेहरा लांबट होऊ शकतो. अंगठा चोखणं चार-पाच वर्षांनंतर सुरू असेल तरी दात पुढं येतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना आणि तार लावणाऱ्या डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तशी ही तपासणी सातव्या वर्षीच एकदा झालेली बरी. तपासणीत अडेनॉईड सुजलेले आढळले, औषध सुरू झालं. तारेला अजून अवकाश आहे म्हणाले, सुळे येऊ देत.

माझं काम उरलं ते घरातलं. पोराला मी विचारलं, सगळ्यात जास्त काय लागतं मनाला? वाटलं शाळेचं सांगेल. तर म्हणाला, "आज्जी दाबते ते. दुखतंय, पण ती प्रेमानं करत्या म्हणून काय बोलत नाही."

पुढच्या वेळी आज्जींनाच बोलावलं. मी समजवायच्या आधी पोरानंच टोपीचा खेळ करून दाखवला, आजोबांची टोपी मुद्दाम मागून घेऊन आला होता. आज्जी हसून हसून बेजार. दाबणं बंद झालंय म्हणे. पण परवा आईचा फोन आला, टीव्ही बघता बघता आज्जीचं बोट अजून आपसूक त्याच्या तोंडाकडं जातं, आणि पोरगं हळूच ते बोट धरून तिच्याच मांडीवर ठेवतंय.