जुन्या ट्रॅक्टरचा गिअर चढाला सुटतो आणि टाकताना खरखरतो, पूर्ण गिअरबॉक्स खोलावा लागेल का?

तुम्ही लिहिलंय की 35 एचपीचा, वीसेक वर्षं जुना ट्रॅक्टर आहे. गिअर टाकताना खरखर होते, भरलेली ट्रॉली घेऊन चढाला लागलं की गिअर आपोआप न्यूट्रल होतो आणि मिस्त्री सरळ ‘गिअरबॉक्स उतरवू’ म्हणतोय. माझं ऐका, आठवडाभर थांबा. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि बहुतेक वेळा त्यांची कारणंही वेगळी निघतात.

आधी खरखर. जुन्या ट्रॅक्टरचे गिअर सरकून एकमेकांत बसतात, कारसारखं त्यांचा वेग जुळवून देणारं आत काही नसतं. त्यामुळे ट्रॅक्टर पूर्ण उभा करून, क्लच तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबायचं आणि मगच गिअर टाकायचा. एवढं केल्यावर आवाज गेला तर सवय बदला, बाकी काही नाही. दहा सेकंद थांबूनही खरखरत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. पायडल हाताने दाबून बघा, जोर लागायच्या आधीची मोकळी चाल किती आहे? साधारण इंचभर असते, नेमकं माप तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात मिळेल. ती फार वाढली असेल तर बाहेरच्या रॉडवर नट फिरवून बसवता येते, पाना आणि अर्धा तास पुरतो. चाल अजिबात नसेल तर उलटा धोका, रिलीज बेअरिंग (क्लच सोडवताना दाबणारं बेअरिंग) सतत घासत राहतं आणि क्लच प्लेट घसरून जळते. क्लचवर पाय ठेवून ट्रॅक्टर चालवणाऱ्यांचंही हेच होतं.

आता गिअर सुटणं. इथे एक गोष्ट नीट बघा, सुटतो तेव्हा दोनपैकी कोणता दांडा हलतो? मुख्य गिअरचा की हाय-लोचा (जलद-हळू वेग निवडायचा)? आमच्याकडे ऊस वाहतुकीच्या ऐन हंगामात असंच झालं होतं. वडील दोन दिवस मुख्य गिअरलाच दोष देत होते. मी मडगार्डवर बसून दांड्यांवर नजर ठेवली, तर झटक्यासरशी हाय-लोचा दांडा मधे आलेला दिसला. गिअरबॉक्सचं टॉप कव्हर (वरचं झाकण) उघडलं. गिअर जागेवर राहावा म्हणून शाफ्टच्या खाचेत गोळी दाबून धरणारी स्प्रिंग तुटून दोन तुकडे झाले होते आणि गोळीला एका बाजूला चपटा डाग पडला होता. नवी स्प्रिंग, नवी गोळी, नवं पॅकिंग, एवढ्यावर काम झालं. त्याआधी एकाने आम्हाला ट्रॅक्टर मधून तोडायचा, म्हणजे पुढचा-मागचा भाग वेगळा करायचा, खर्च सांगितला होता.

तुमचं तसंच निघेल असं नाही. म्हणून सपाट, रिकाम्या रस्त्यावर ट्रॉली न जोडता गिअर टाकून दांड्यावर हलका हात ठेवा. हलक्या हाताने गिअर जागेवर राहत असेल तर आधी स्प्रिंग-गोळीवर संशय घ्या. दांडा जोराने हात मागे ढकलत असेल, ओढ लागली की थरथरत असेल, तर गिअरचे दात टोकाशी झिजून निमुळते झालेत, फोर्क (गिअर सरकवणारा काटा) झिजलाय किंवा बेअरिंग ढिलं होऊन शाफ्ट पुढे-मागे खेळतोय. एकच गिअर सुटत असेल तर दोष बहुधा त्या गिअरमध्ये किंवा त्याच्या फोर्कमध्ये असतो.

आणि गिअरबॉक्सचं ऑइल बघितल्याशिवाय कोणाला पैसे देऊ नका. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचा ड्रेन नट (ऑइल काढायचा खालचा नट) सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, हळूच ढिला करा. चिखलणीत किंवा पावसात पाणी आत गेलं असेल तर आधी पाणी येतं. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तरी पाणीच समजा, सगळं काढा आणि दांड्याचं फाटलेलं रबर बदला, नाहीतर पुढच्या पावसात तेच होईल. नटाला चुंबक असेल तर त्यावर मलमासारखा काळसर थर असणं नेहमीचं आहे. पण बोटांत चोळल्यावर टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा दिसला, तर तुमचा मिस्त्री बरोबर आहे. मग उघडायलाच हवं, चालवत राहिलात तर एक तुकडा दुसरे चार गिअर खातो.

टॉप कव्हर घरी उघडणार असाल तर आधी भोवतालची माती डिझेलने धुऊन पुसून घ्या. स्प्रिंग काढताना वर फडकं धरा, गोळी उडून आत पडली तर शोधत बसाल. कव्हर परत बसवताना सगळे गिअर न्यूट्रलला ठेवा आणि प्रत्येक फोर्क आपल्या गिअरच्या खाचेत बसलाय हे वाकून डोळ्यांनी बघा. एक जरी बाहेर राहिला तर गिअर अडकतो.

तोपर्यंत भरलेली ट्रॉली घेऊन चढ-उतारावर मुळीच जाऊ नका. उतारावर गिअर सुटला की नुसत्या ब्रेकवर तेवढं वजन थांबत नाही. कोणता दांडा हलतो आणि ऑइलमध्ये काय निघालं ते इथे लिहा, पुढचं मी सांगतो.